अनोळखी माणसाचा खून : हेतू कसा शोधतात?

खून झाला की पोलीस घरच्यांना पहिला प्रश्न विचारतात, 'कोणाशी वैर होते का?' जमिनीचा वाद, पैशाचे देणेघेणे, प्रेमसंबंध, भाऊबंदकी, जुनी खुन्नस. बहुतेक खुनांचे उत्तर याच यादीत सापडते. पण मारणारा आणि मरणारा एकमेकांना ओळखतच नसतील तर? मग वैराचा धागा हाती लागत नाही, तपास अडतो आणि शहरात भीती पसरते. 'त्याने काय बिघडवले होते?' हा घरच्यांचा प्रश्न तर वर्षानुवर्षे तसाच राहतो. अशा खुनांमागचा हेतू मानसशास्त्र कसा समजून घेते, कायदा त्याला किती महत्त्व देतो आणि मुंबईतल्या रमण राघव प्रकरणातून काय दिसते, ते पाहू.

असे खून किती प्रमाणात होतात?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात खुनांची वर्गवारी हेतूनुसार केलेली असते. त्यात वादविवाद, वैयक्तिक वैर आणि आर्थिक लाभ ही कारणे वरच्या क्रमांकावर दिसतात. वाद आणि वैर यांना ओळख लागते. जगभरातही साधारण हेच चित्र आहे. माणसाला जास्त धोका असतो तो ओळखीच्याच माणसांकडून, आणि स्त्रियांच्या बाबतीत तर घरातूनच. अनोळखी व्यक्तीकडून होणारे खून तुलनेने कमी असतात, पण त्यांची बातमी मोठी होते. कारण अशा खुनात वाचणारा प्रत्येक जण स्वतःला बळीच्या जागी पाहू शकतो.

हेतू आणि उद्देश यांत फरक काय?

बोलताना आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, कायदा तसे करत नाही. जिवे मारायचे हे मनात ठरवून वार करणे हा उद्देश. का मारायचे, याचे उत्तर म्हणजे हेतू. खुनाचा गुन्हा सिद्ध करण्यासाठी उद्देश किंवा मृत्यू ओढवेल याची जाणीव दाखवावी लागते. हेतू सिद्ध झालाच पाहिजे असे बंधन नाही. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार विश्वासार्ह असेल, तर हेतू न सापडूनही शिक्षा होऊ शकते.

खटला फक्त परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा असेल तेव्हा मात्र हेतूचे वजन वाढते. साखळीतला तो एक महत्त्वाचा दुवा असतो. अनोळखी माणसाच्या खुनात साक्षीदारही नसतो आणि हेतूही दिसत नाही, म्हणून असे खटले अवघड जातात.

कोणकोणते हेतू आढळतात?

ढोबळमानाने पाच प्रकार सांगता येतात. एकाच खुनात त्यांपैकी दोन-तीन मिसळलेलेही असतात.

लाभ : मारणाऱ्याला पैसा, दागिने किंवा वाहन हवे असते, माणूस वाटेत येतो. पुण्यातले जोशी-अभ्यंकर हत्याकांड याच प्रकारात मोडते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचे खून झाले. आरोपी अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. पहिला बळी त्यांच्याच ओळखीतला होता. पुढे मात्र ते लुटीसाठी लोकांच्या घरात शिरले आणि घरातल्या सगळ्यांना संपवून बाहेर पडले. साक्षीदार मागे ठेवायचा नाही, हा त्यामागचा थंड हिशोब होता. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.

क्षणाचा राग : गाडीचा धक्का लागणे, रांगेतली बाचाबाची, बारमधला टोमणा. अमेरिकी अभ्यासक मार्विन वुल्फगँग यांनी फिलाडेल्फियातील खुनांचा अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध केला. त्यात किरकोळ वाटणाऱ्या कारणांवरून झालेली भांडणे ठळकपणे पुढे आली. बाहेरच्याला कारण किरकोळ वाटते. भांडणाऱ्याच्या लेखी चार लोकांसमोर गेलेली इज्जत हाच खरा मुद्दा असतो. दारू आणि हाताशी असलेले हत्यार उरलेले काम करते.

समूहद्वेष : इथे बळी व्यक्ती म्हणून निवडला जात नाही. त्याचे नाव, पेहराव किंवा भाषा पाहून तो 'त्यांच्यातला' ठरवला जातो. समोरच्याला माणूस न मानता कीड किंवा शत्रू मानायला शिकवले की हात उचलणे सोपे होते.

सत्ता आणि लैंगिक विकृती : दुसऱ्याच्या जगण्यामरण्यावर आपला ताबा आहे, या जाणिवेतून मिळणारे समाधान हाच हेतू असतो. साखळी खुनांच्या अनेक प्रकरणांत हा धागा दिसतो.

भ्रम : मारणाऱ्याच्या मनात एक पक्की पण खोटी समजूत असते. लोक आपल्यावर टपले आहेत किंवा कोणी आपल्याला आज्ञा देत आहे, असे त्याला वाटते. त्याच्या जगात हेतू असतो, फक्त ते जग इतरांना दिसत नाही.

रमण राघव प्रकरण काय होते?

१९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गालगत झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले. त्यांतील नऊ जण मरण पावले. त्या वेळी संशयावरून एका भटक्या माणसाला पोलिसांनी पकडले होते, पण पुरेसा पुरावा नसल्याने तो सुटला.

१९६८ मध्ये तसेच हल्ले उत्तर उपनगरांत सुरू झाले. रात्रीची वेळ, फुटपाथवर किंवा झोपडीत झोपलेली माणसे आणि डोक्यावर जड बोथट वस्तूचा घाव, ही पद्धत कायम होती. पुरुष, स्त्रिया, मुले असा भेद नव्हता. लोक उघड्यावर झोपायला घाबरू लागले, खिडक्या बंद करून घेऊ लागले. तपासाची सूत्रे गुन्हे शाखेचे पोलीस उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून एका माणसाला ओळखून ताब्यात घेतले. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले. तो रमण राघव होता.

सुरुवातीला तो काहीच बोलेना. कोंबडीचे जेवण मागितले, ते मिळाल्यावर मात्र त्याने सविस्तर जबाब दिला, हत्यार आणि पद्धत सांगितली. त्याने कबूल केलेल्या खुनांचा आकडा ४१ पर्यंत जातो.

त्याचा हेतू काय होता?

कधी त्याने बळींच्या किरकोळ वस्तू नेल्या होत्या. तेवढ्यावरून हेतू लूट आहे असे म्हणता आले असते, पण ज्यांच्याकडे नेण्यासारखे काही नव्हते अशी माणसेही त्याने मारली. वैर नव्हते, ओळख नव्हती.

पुढे मनोविकारतज्ज्ञांनी घेतलेल्या मुलाखतींत त्याच्या डोक्यातले जग उलगडले. त्याच्या मते जगे दोन होती. एक आपण सगळे राहतो ते, आणि दुसरे 'कानून'चे. तो स्वतः 'कानून'चा प्रतिनिधी होता, त्याच्यात शक्ती होती. लोक आपल्याला बाईमध्ये बदलू पाहत आहेत, अशी त्याची अढळ समजूत होती. देशात अकबराचे, ब्रिटिशांचे आणि काँग्रेसचे अशी तीन सरकारे आहेत आणि ती आपल्या मागे लागली आहेत, असेही तो सांगे. सरकारनेच आपल्याला मुंबईत आणून चोऱ्या करायला लावल्या, असे त्याचे म्हणणे होते.

इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. तो का मारत होता, याचे उत्तर त्याच्या भ्रमात शोधता येते. पण त्याने नेमके त्या माणसांनाच का मारले? याचे उत्तर रस्त्यावर आहे. ती माणसे उघड्यावर झोपली होती, त्यांना दार नव्हते. अनोळखी खुनांत बळीची निवड बरेचदा अशीच, सहज हाताशी कोण सापडते यावरून होते. म्हणून अशा खुनांचा सर्वाधिक धोका बेघर, एकटे आणि ज्यांची उणीव लवकर कोणाला जाणवणार नाही अशा लोकांना असतो.

कोर्टाने काय ठरवले?

१९६९ मध्ये सत्र न्यायालयात खटला चालला. बचाव पक्षाने वेडसरपणाचा मुद्दा मांडला. पोलीस सर्जनने जवळपास महिनाभर निरीक्षण करून सांगितले की त्याला मनोविकार नाही आणि आपण काय करतो ते त्याला कळते. बचाव पक्षाच्या मनोविकारतज्ज्ञाचे मत उलट होते : त्याला जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे. आपण मारतो आहोत हे त्याला कळते, ते चूक आहे हे कळत नाही. न्यायालयाने फाशी सुनावली. रमण राघवने अपील केले नाही.

फाशी कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमायला सांगितले. मंडळाने त्याच्या पाच मुलाखती घेतल्या आणि स्किझोफ्रेनियाचे निदान केले. अखेर त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. येरवड्यात शिक्षा भोगत असताना १९९५ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने तो मरण पावला.

या निकालातला बारकावा महत्त्वाचा आहे. तो निर्दोष सुटला नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ नुसार (आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२) नुसता मानसिक आजार पुरेसा नसतो. कृत्य करताना त्या आजारामुळे कृत्याचे स्वरूप, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे, कळण्याची क्षमताच नव्हती, असे आरोपीला दाखवावे लागते. वैद्यकीय वेड आणि कायदेशीर वेड यांतला फरक तो हाच.

या नियमाचे मूळही एका अनोळखी माणसाच्या खुनात आहे. १८४३ मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटनने एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव होते. सत्ताधारी पक्ष आपला छळ करतो आहे, या भ्रमातून हे घडले. तो वेडाच्या कारणाने सुटला, गदारोळ झाला आणि त्यातून ब्रिटनमध्ये नियम ठरले. कलम ८४ त्याच धर्तीचे आहे.

खुन्याने सांगितलेला हेतू खरा मानायचा का?

सावधपणेच. न्यूयॉर्कमध्ये १९७६-७७ मध्ये डेव्हिड बर्कोविट्झ याने सहा जणांना गोळ्या घालून मारले. शेजाऱ्याच्या कुत्र्यातला सैतान आपल्याला आज्ञा देत होता, असे त्याने सांगितले. वर्तमानपत्रांनी ती गोष्ट गाजवली. १९७९ मध्ये त्यानेच ती बनाव असल्याचे कबूल केले. मुंबईत खरा भ्रम सुरुवातीला मान्य झाला नाही, न्यूयॉर्कमध्ये खोटा भ्रम आधी गाजला. म्हणून तज्ज्ञ एका जबाबावर विसंबत नाहीत. दीर्घ निरीक्षण, आजाराचा पूर्वेतिहास आणि घटनेआधीचे-नंतरचे वागणे एकत्र पाहिले जाते. पुरावा लपवला का, पळ काढला का, हेही तपासले जाते.

'प्रोफायलिंग'चा उपयोग होतो का?

अमेरिकेच्या एफबीआयमधील रॉबर्ट रेसलर, जॉन डग्लस आणि सहकाऱ्यांनी तुरुंगातील ३६ लैंगिक खुन्यांचा अभ्यास केला. त्यातून 'नियोजनबद्ध' आणि 'अस्ताव्यस्त' गुन्हेगार अशी विभागणी प्रसिद्ध झाली. चित्रपट आणि मालिकांनी ती घरोघरी पोहोचवली. मात्र २००४ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी १०० खुनांची तपासणी केली, तेव्हा ही विभागणी स्वच्छपणे दिसली नाही. बहुतेक खुनांत दोन्हींची लक्षणे मिसळलेली होती. प्रोफाइल तपासाला दिशा देऊ शकते, ते पुरावा ठरत नाही. रमण राघव सापडला तो वर्णन, ठसे आणि एका उपनिरीक्षकाच्या नजरेमुळे.

मानसिक आजारी माणसे धोकादायक असतात का?

अशा बातम्यांनंतर हा समज बळावतो आणि त्यातून मोठे नुकसान होते. स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसे कधीच कोणावर हल्ला करत नाहीत. उलट तीच मारहाणीला आणि फसवणुकीला अधिक बळी पडतात. उपचार न मिळणे, व्यसन आणि छळाचे तीव्र भ्रम एकत्र आले तर धोका वाढू शकतो. पण लोकांच्या भीतीमुळे कुटुंबे आजार लपवतात आणि उपचार आणखी लांबतात.

'मग त्यालाच का?'

कारण सापडले नाही की मन ते बळीच्या वागण्यात शोधू लागते. 'एवढ्या रात्री तिकडे कशाला गेला?' मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात याचा प्रयोग केला. एका स्त्रीला विजेचे झटके बसत आहेत असे लोकांना दाखवले. ते खरे नव्हते. तिचा त्रास थांबवणे हाती नाही असे दिसल्यावर पाहणारे तिलाच कमी लेखू लागले. जग न्यायाने चालते, हा विश्वास टिकवण्यासाठी मन हा मार्ग काढते.

अनोळखी खुनात हे ओझे घरच्यांवर पडते. माणूस जातो आणि त्याच्या वागण्याची उलटतपासणीही सुरू होते. हेतू समजून घेतल्याने खुनाचे समर्थन होत नाही. पण हेतू मारणाऱ्याच्या डोक्यात होता, मरणाऱ्याच्या वागण्यात नव्हता, एवढे स्पष्ट होते. फुटपाथवर झोपलेल्या माणसाने काहीच बिघडवले नव्हते. त्याला झोपायला दुसरी जागा नव्हती, इतकेच.