गडाचं मेट, शेतकऱ्याचं घर

लावणी आटोपली, आता थोडी इतिहासाची नोंद.

आमच्या नेऱ्यात बांधावर उभं राहिलं की प्रबळगड दिसतो, शेजारी कलावंतिणीचा सुळका. गडाचं जुनं नाव मुरंजन. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत हाही होता. गड म्हटला की आपण तोफा-तलवारींचं बोलतो. मी शेतकरी, मला दुसराच प्रश्न पडतो. एवढ्या उंचीवर बारमाही पहारा देणारी माणसं जगायची कशावर?

उत्तर जमिनीत आहे. गडाच्या वाटेवर, मुख्य दरवाज्याच्या खाली पहाऱ्याच्या चौक्या असायच्या. त्या चौकीला म्हणायचे मेट आणि तिथल्या राखणदाराला मेटकरी. गडाभोवतीचा मुलूख म्हणजे घेरा. राखणीच्या बदल्यात या घराण्यांना जमीन कसायला मिळायची. म्हणजे एका हातात भाला, दुसऱ्या हातात नांगर. आज्ञापत्रात तर रामचंद्रपंत अमात्यांनी गडावर आंबा, फणस, चिंच लावा, आहेत ती झाडं राखा, असंही बजावलंय.

1818 ला मराठी राज्य गेलं. इंग्रजांनी कितीतरी गडांच्या वाटा आणि दरवाजे तोडले. पहारा संपला, पण पोट संपत नाही. मेटकरी त्याच मातीत राहिला आणि नुसता शेतकरी झाला. इंग्लंडातही जुन्या किल्ल्यांच्या देवड्यांत शेतकऱ्यांनी संसार थाटले. आपल्याकडे ही खूण गावांच्या नावात उरलीय: घेरा सिंहगड, घेरा पुरंदर, घेरा रसाळगड, वेल्ह्याकडचं मेटपिलावरे.

डोंगरातली प्रत्येक वाडी मेटकऱ्यांचीच असं नाही. प्रबळमाचीवर ठाकर समाजाची वस्ती आहे. पावसाळ्यात तिथं वरकस जमिनीत नाचणी, वरी होते. अलीकडे पर्यटकांच्या जेवणावरही घर चालतं. पण नियम तोच, घर तिथंच जिथं पीक.

म्हणून इर्शाळवाडी विसरता येत नाही. प्रबळच्या शेजारच्या इर्शाळगडाच्या उतारावरची ही ठाकरवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेली. वाचलेल्यांसाठी खाली चौककडे घरं बांधली गेली, ते गरजेचंच होतं. पण घर खाली आणता येतं, शेत आणता येत नाही.

वनहक्क कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला 4 हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. डोंगरावरच्या वाड्या हलवायची वेळ येईल तेव्हा घराच्या किल्लीसोबत त्या जमिनीचा कागदही हातात पडला पाहिजे. गड राखणाऱ्याला जुन्या राजवटीनं जमीन दिली, कारण जमिनीशिवाय माणूस डोंगरावर टिकत नाही हे तिला ठाऊक होतं. डोंगराखाली आणलेला माणूसही जमिनीशिवाय टिकत नाही.

तुमच्या भागात मेट किंवा घेरा नावाचं शिवार असेल तर जरूर लिहा. तिथं आज काय पिकतं, तेही सांगा.