कोर्टाच्या उंबरठ्यावरील कारकून

आपल्या इकडील न्यायदानाचा इतिहास सांगतांना हायकोर्टाचे न्यायमूर्ति, नामांकित वकील आणि गाजलेले खटले यांचींच नांवें सहसा पुढें येतात. परंतु ज्या कागदावर न्यायाधीशाचा निकाल उभा राहतो तो कागद कोणीं लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला, आणि ज्याचें घरदार त्यांत गुंतलें होतें त्याला तो वाचून दाखविला कीं नाहीं, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांनीं तो इतक्या जोरानें विचारला कीं, सरकारास त्याचें उत्तर कायद्याच्या कलमांनीं द्यावें लागलें.

ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि दंग्याचें लोण लवकरच नगर जिल्ह्यांतही पोंचलें. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ मध्यें संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, आणि साऱ्याची आकारणी वाढली होती. हीं कारणें सर्वश्रुत आहेत. परंतु या दंग्यांचा विशेष असा कीं, लोकांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर अधिक होता. जेथें सावकारानें खतें आणि रोखे मुकाट्यानें स्वाधीन केले, तेथें बहुधा त्याच्या अंगास धक्का लागला नाहीं. कागदांची मात्र होळी झाली.

कागदावर एवढा राग कां? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणिली. कर्जदाराला जुन्या कर्जाचा जाच होऊं नये हा त्याचा हेतु. परिणाम मात्र उलटा झाला. मुदत भरत आली कीं सावकार नवें खत लिहवून घेई. थकलेलें व्याज मुद्दलांत मिळे, आणि त्या व्याजावर पुन्हां व्याज चढूं लागे. खत मोडींत लिहिलेलें असे. कुणब्याला सही येत नसे, म्हणून त्याच्या नांवापुढें नांगराची निशाणी काढीत. ज्या औतावर त्याचें पोट, त्याच औताच्या चित्रानें त्याची जमीन जाई. पुढें कोर्टांत दावा लागला म्हणजे न्यायाधीशासमोर येई तो हा कागद. कागद खरा, निशाणी खरी. मग हुकूमनामाही खराच.

या स्थितीवर उपाय म्हणून १८७९ चा सतरावा कायदा झाला. ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ या नांवानें तो प्रसिद्ध आहे, आणि आरंभीं त्याचा मुख्य अंमल पुणें, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांत होता. जुन्या हिशेबाच्या मुळाशीं जाऊन व्यवहार तपासण्याचा अधिकार त्यानें न्यायाधीशांस दिला. लहान दाव्यांसाठीं ग्राममुन्सफ आणि तडजोडीसाठीं सलोखा करणारे नेमले. परंतु आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते ती त्यांतील एक अगदीं लहान जागा, गांवच्या रजिस्ट्रारची. शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्त या रजिस्ट्रारनें स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीं लिहिला गेला नसेल आणि त्यावर त्याची साक्ष नसेल, तर तो कोर्टांत पुराव्यास चालूं नये, असा नियम झाला.

हा माणूस सरकारी नोकरच असावा असा कायद्याचा आग्रह नव्हता. दस्त करणारा येईल तेव्हां ठरलेली फी घेऊन त्याचें काम करावयाचें. आजच्या भाषेंत त्याला फावल्या वेळचा कारकून म्हणतां येईल. पण त्याचीं कर्तव्यें पाहावीं! आलेला माणूस तोच आहे याची खात्री करून घ्यावयाची. मोबदला किती आणि कसा दिला तें कागदांत स्पष्ट नमूद करावयाचें. दस्त मोठ्यानें वाचून दाखवून मगच समक्ष सही किंवा निशाणी घ्यावयाची. नोंदवहींत त्याची नक्कल ठेवावयाची आणि दुसऱ्या पक्षासही नक्कल द्यावयाची. पूर्वीं खताची एकच प्रत असे आणि ती सावकाराच्या पेटींत असे. आतां कर्जदाराच्याही हातीं कागद आला. निशाणीपूर्वींचें तें वाचन आम्हांस या सर्वांत मोठें वाटतें. कागद मुका होता, त्याला बोलतें केलें तें यानें.

म्हणून सर्व कांहीं सुधारलें असें समजण्याचें कारण नाहीं. गहाणाऐवजीं खरेदीखत लिहवून घेण्याची युक्ति सावकारांस लवकरच सांपडली. तोंडीं करार गहाणाचा, कागद मात्र विक्रीचा! दोन्ही पक्षांनीं सांगितलें तेंच रजिस्ट्रार लिहिणार. अशा व्यवहाराचें खरें स्वरूप तोंडीं पुराव्यानें शोधण्याची मोकळीक पुढें कायद्यांत दुरुस्ती करून न्यायाधीशांस द्यावी लागली. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं या कायद्याखालीं विशेष न्यायाधीशाचें काम केलें. खालच्या कोर्टांचें काम गांवोगांव फिरून तपासणें हा त्याचा एक भाग होता. एवढ्या थोर न्यायाधीशासही अखेर कोणा अप्रसिद्ध माणसाच्या अक्षरावरच नजर लावून बसावें लागे.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं माळ्यावर अजून मोडी दफ्तरें असतील. पणजोबा कारकून होते, अक्षर मोत्यासारखें होतें, असें आपण अभिमानानें सांगतों. तो अभिमान व्यर्थ नाहीं. पण सुप्याच्या बाजारांत जळले तेही कोणाच्या तरी सुंदर अक्षरांतलेच कागद होते. ज्याच्या हातीं लेखणी त्यानें ज्याला वाचतां येत नाहीं त्याचें काय केलें, हें विचारल्यावांचून त्या दफ्तरांचें वाचन पुरें होत नाहीं. आणि कोठें एखाद्या गांवीं, दिवेलागणीपर्यंत बसून, थकलेल्या कुणब्याला दुसऱ्यांदा दस्त वाचून दाखविणारा कोणी रजिस्ट्रार असेल, तर त्याचें नांव इतिहासांत नसलें तरी न्यायाच्या कामीं त्याची योग्यता न्यायासनावर बसणाऱ्याहून कमी मानावयास आम्ही तयार नाहीं.