खुली जलमाहिती (कृष्णा–कोयना खोरे)

पाऊस, धरणसाठा, विसर्ग आणि नदीची पातळी यांच्या शासकीय नोंदी कोणालाही अर्ज न करता पाहता याव्यात आणि वापरता याव्यात, अशी व्यवस्था. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. तो प्रीतिसंगम. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या या काठाला ही माहिती जीवनावश्यक आहे.

कायदेशीर आधार : केंद्रीय कायद्याच्या आधीच, २००२ मध्ये, महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला होता. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी शक्य तेवढी माहिती आपणहून प्रसिद्ध करायची असते. संगणकाला वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात शासकीय माहिती देण्याचे धोरण केंद्राने २०१२ मध्ये स्वीकारले. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतील जलनोंदींवर असलेले गोपनीयतेचे निर्बंध कृष्णा खोऱ्याला लागू नाहीत.

नोंदी : कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर येथील पाऊस, कोयना धरणातील आवक आणि साठा, सहा वक्र दरवाजांतून व पायथा वीजगृहातून सोडलेले पाणी हे प्रमुख आकडे. नदीची पातळी केंद्रीय जल आयोग आणि राज्याचा जलसंपदा विभाग मोजतात. कृष्णा–भीमा खोऱ्यांसाठी तत्क्षणी नोंद पाठवणारी स्वयंचलित यंत्रणाही आहे.

आकड्यांचा अर्थ : कोयनेची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेकचा प्रवाह दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी होते. समजा, आवक ५०,००० आणि एकूण विसर्ग ३०,००० क्युसेक आहे. तसे असेल तर साठा दिवसाला सुमारे १.७ टीएमसीने वाढेल. धरण भरत आले असताना हे गणित काठावरच्या शेतकऱ्याला मांडता आले, तर मोटार वर काढायला आणि गोठ्यातली जनावरे हलवायला दरवाजे उचलण्याआधीच वेळ मिळतो.

उणिवा : सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी फुटांत सांगतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. जल आयोग मात्र समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये देतो. नदी एकच असूनही दोन मापे जुळवण्याचे काम वाचणाऱ्यावर पडते. चित्ररूपात फिरणाऱ्या तक्त्यांतून मागील वर्षांशी तुलना करणेही अवघड जाते. म्हणून पातळीच्या आकड्याशेजारी ‘इतक्या फुटांना गावातील कोणत्या गल्लीत पाणी येते’ हेही नोंदले पाहिजे. घर कधी सोडायचे हे माणूस त्या ओळीवरून ठरवतो.