टीव्ही शाळेचं वर्ष

ऑनलाईन शाळा म्हणजे २०२० मधलं प्रकरण, असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. पण पडद्यावरून खेड्यातल्या पोरांना शिकवायचा मोठा प्रयोग आपल्या देशात १९७५ मध्येच झालाय! त्याचं नाव 'साईट'.

झालं असं की, १९६९ मध्ये विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने भारताचा नासाशी करार झाला. उपग्रह अमेरिकेचा, तोही फक्त वर्षभरासाठी. कार्यक्रम आणि जमिनीवरची यंत्रणा आपली. साराभाई १९७१ मध्ये गेले, पण काम थांबलं नाही. १ ऑगस्ट १९७५ ला प्रक्षेपण सुरू झालं. सहा राज्यं, सुमारे २४०० गावं (महाराष्ट्र त्यात नव्हता). कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची डिश, आणि गावात सगळ्यांसाठी मिळून एक टीव्ही. वीज नसेल तिथे बॅटरीवर.

सकाळचा दीड तास शाळेचा. भाषा चार - हिंदी, ओडिया, तेलुगू, कन्नड. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम बावीस मिनिटं! पण सुट्टीत याच संचांवरून हजारो प्राथमिक शिक्षकांचं विज्ञानाचं प्रशिक्षणही झालं. मास्तरांना वगळून शिकवायचा बेत नव्हता. ३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला.

आता २०२०. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर गेले. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत इंटरनेटची सोय असलेली ग्रामीण घरं होती साधारण १५ टक्के, शहरी ४२. २०२० च्या 'असर' पाहणीत शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ६२ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. पण घरी फोन असणं म्हणजे पोराच्या हातात असणं नव्हे. फोन बाबांबरोबर कामावर जातो, भावंडं तीन, आणि रिचार्ज संपलेला. शेवटी कितीतरी शिक्षक वाड्यावस्त्यांवर फिरून झाडाखाली, देवळात पोरं जमवून शिकवू लागले. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं. म्हणजे फिरून टीव्हीच!

तंत्रज्ञान ४५ वर्षांत कुठल्या कुठे गेलं, यात वाद नाही. पण १९७५ मध्ये गावात संच पोचवणं आणि तो चालू ठेवणं हे सरकारचं काम होतं. २०२० मध्ये तेच काम गुपचूप आईबापांच्या गळ्यात पडलं. ज्यांना जमलं नाही, त्यांच्या पोरांची शाळा बुडली, आणि वर 'पालकांना शिक्षणाची आस्थाच नाही' हे ऐकून घ्यावं लागलं.

आपण सॉफ्टवेअरवाले 'युजरकडे डिव्हाईस आहे' असं गृहीत धरून डिझाईन सुरू करतो. साईटवाल्यांनी तसं धरलं नव्हतं. पुढचं शिक्षणाचं ॲप बनवायच्या आधी एवढं जरी आठवलं तरी पुष्कळ झालं.