कंपायलर बसवण्याची विद्या

सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम संगणकाला जसाच्या तसा कळत नाही. कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो, लिंकर त्याला आधीपासून तयार असलेले तुकडे जोडतो आणि मग चालणारी फाइल तयार होते. विंडोजच्या संगणकावर ही अवजारे बसवणे आणि ती चालली नाहीत तर दोष हुडकणे, याला अभ्यासक्रमात क्वचितच जागा मिळाली. तरी प्रत्येक संगणक प्रयोगशाळेत ते काम कोणीतरी करतच आले: कधी लॅब असिस्टंट, कधी शेवटच्या वर्षाचा एखादा विद्यार्थी. धाराशिव जिल्ह्यात, आणि एकूणच मराठवाड्यात, ही विद्या पुस्तकातून आली नाही. एकाचे पाहून दुसऱ्याने ती उचलली.

१९८३ साली धाराशिवमध्ये, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. जिल्ह्यातल्या नदीचे नाव घेतलेल्या या महाविद्यालयाच्या जन्मवर्षीच संगणकाच्या जगात दोन घटना घडल्या. बोर्लंड कंपनीने टर्बो पास्कल बाजारात आणला आणि सप्टेंबर महिन्यात रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. पहिल्या घटनेतून एकाच पडद्यावर लिहा, तिथेच चालवा अशी सुटसुटीत अवजारे आली. दुसरीतून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली आणि तिचा कंपायलर, जीसीसी, १९८७ मध्ये बाहेर पडला. तेरणा, तुळजापूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन आणि अकरावी-बारावीचे बायफोकल वर्ग यांच्या प्रयोगशाळांचा पुढचा इतिहास म्हणजे पहिल्या प्रवाहातून दुसऱ्यात जाण्याचा इतिहास आहे.

पहिला प्रवाह दीर्घकाळ टिकला. टर्बो सी १९८७ मध्ये, टर्बो सी++ १९९० मध्ये आणि महाराष्ट्रभर रुळलेली त्याची ३.० आवृत्ती १९९१ मध्ये आली. निळा पडदा, वर मेनूची पट्टी, एफ-टू दाबून सेव्ह, अल्ट-एफ-नाइनने कंपाइल, कंट्रोल-एफ-नाइनने रन, आणि उत्तर पाहायला अल्ट-एफ-फाइव्ह. या चार कळा ज्याला ठाऊक त्याला प्रॅक्टिकल जमले, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. बारावीच्या २०० गुणांच्या बायफोकल संगणकशास्त्रात सी++ असल्याने ही निळी खिडकी अभियांत्रिकीच्या आधीच विद्यार्थ्यांच्या ओळखीची झालेली असे. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकाच्या सुरुवातीच्या आवृत्त्याही टर्बो सी समोर ठेवूनच लिहिलेल्या होत्या.

टर्बो सी बसवणे म्हणजे फोल्डर कॉपी करणे. आधी फ्लॉपीवरून, मग सीडीवरून, पुढे पेनड्राइव्हवरून तो एका संगणकातून दुसऱ्यात गेला. इथेच जिल्ह्यातल्या असंख्य विद्यार्थ्यांनी आयुष्यातला पहिला तांत्रिक दोष पाहिला असणार. फोल्डर सी ड्राइव्हऐवजी डी ड्राइव्हवर पेस्ट केला, किंवा 'टीसी'चे नाव बदलून 'टर्बोसी३' केले, की पहिल्याच ओळीला संदेश येई: 'अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल एसटीडीआयओ डॉट एच'. प्रोग्राम अक्षरन्‌अक्षर बरोबर असे. चुकलेला असे तो पत्ता. ऑप्शन्स मेनूतल्या डिरेक्टरीज या चौकटीत इन्क्लूड आणि लायब्ररी यांचे जुने पत्ते लिहिलेले असत आणि कंपायलर इमानाने त्याच रिकाम्या जागी फाइल शोधत राही. पहिला पत्ता दुरुस्त करून दुसरा विसरला तर कंपाइल होई, पण लिंकर 'सी-झीरो-एस डॉट ओबीजे' ही सुरुवातीची फाइल सापडत नाही म्हणून अडे. ग्राफिक्सचा प्रोग्राम असेल तर तिसरा पत्ता खुद्द प्रोग्राममध्येच, 'इनिटग्राफ'च्या कंसात, बीजीआय फोल्डरचा. एकच दोष तीन ठिकाणी तीन रूपांत भेटे. हे ज्याने एकदा समजून घेतले, त्याला पुढे विंडोजवरचा कोणताही कंपायलर बसवता आला, कारण जीसीसीच्या काळातले बहुतेक दोषही पत्त्याचेच निघाले.

टर्बो सी आपल्याबरोबर १६-बिटचे जग घेऊन आला होता. त्याच्या हिशेबी पूर्णांक, म्हणजे 'इंट', दोन बाइटचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७. फॅक्टोरियलचा प्रोग्राम सातपर्यंत ५,०४० असे बरोबर उत्तर देई आणि आठला ४०,३२० ऐवजी उणे २५,२१६ दाखवी. लूप चुकला असावा म्हणून विद्यार्थी तो पुन्हा पुन्हा तपासत बसे. तोच प्रोग्राम जीसीसीवर चालवला तर बारापर्यंत, म्हणजे ४७,९०,०१,६०० पर्यंत, उत्तर अचूक येते आणि तेराला बिघडते. 'इंट दोन बाइटचा असतो' हे वाक्य सी भाषेचा नियम म्हणून वर्षानुवर्षे वह्यांत उतरले. प्रत्यक्षात तो एका जुन्या कंपायलरचा गुणधर्म होता. अवजार आणि भाषा यांतला फरक न शिकवल्याची ही किंमत होती आणि ती थोडीथोडकी नव्हती.

निळ्या खिडकीचा शेवट कोणा विद्यापीठाच्या निर्णयाने झाला नाही, नव्या संगणकांनी केला. विंडोज ९८ आणि एक्सपीवर टर्बो सी चाले. विंडोज व्हिस्टा आणि ३२-बिट विंडोज ७ वर पूर्ण पडदा घेता येत नसल्याची सूचना येऊ लागली. ६४-बिट विंडोजने १६-बिटचे प्रोग्राम चालवणेच सोडून दिले. नवा लॅपटॉप घेतलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयात चालणारे तेच सॉफ्टवेअर घरी चालेनासे झाले. यावर तोड म्हणून डॉसबॉक्स आला. जुने डॉस खेळ चालवण्यासाठी लिहिलेला हा मुक्त प्रोग्राम महाराष्ट्रातल्या लॅपटॉपांवर टर्बो सीचे बिऱ्हाड झाला. 'माउंट सी' लिहून फोल्डर जोडायचा, की निळा पडदा परत येई. सोय झाली, पण १९९१ सालचा कंपायलर आणखी काही वर्षे तगून राहिला. सी++चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये ठरले होते आणि हा कंपायलर त्याच्याही आधीचा होता.

दुसरा प्रवाह विंडोजवर पोहोचला तो आडवाटेने. जीसीसी युनिक्ससाठी जन्मला. तो एमएस-डॉसवर नेता येईल का, असे डीजे डिलोरी यांनी विचारले तेव्हा स्टॉलमन यांनी, जीसीसी फार मोठा आणि डॉस १६-बिटचा, म्हणून ते शक्य नाही असे सांगितले. डिलोरींनी ते आव्हान मानले आणि १९८९ पासून डीजेजीपीपी आकाराला आला. १९९५ मध्ये सिग्नस कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन यांनी सिगविनचे काम सुरू केले. सिगविन विंडोजमध्ये युनिक्सचा आभास उभा करतो, पण त्यासाठी त्याची स्वतःची ग्रंथालय-फाइल प्रोग्रामसोबत न्यावी लागते. १९९८ मध्ये कॉलिन पीटर्स यांनी हा मधला थर काढून टाकणारा मिनजीडब्ल्यू आणला. 'मिनिमलिस्ट ग्नू फॉर विंडोज' हे त्याचे पूर्ण रूप. ६४-बिटसाठी पुढे मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ हा वेगळा प्रकल्प निघाला. आज विंडोजवर जीसीसी म्हणून जे बसवले जाते ते बहुतांशी याच घराण्यातले.

विद्यार्थ्यांपर्यंत मिनजीडब्ल्यू गेला तो मुख्यतः डेव्ह-सी++ आणि कोडब्लॉक्स या प्रोग्राम लिहिण्याच्या संपादकांच्या पोटातून. कोडब्लॉक्सच्या डाउनलोडमध्ये दोन प्रकारच्या फाइली असत: एक लहान, नुसत्या संपादकाची, आणि दुसरी मोठी, नावात मिनजीडब्ल्यू असलेली, कंपायलरसह. जिथे इंटरनेट धिमे आणि डेटा मोजून वापरायचा, तिथे माणूस लहान फाइल उतरवणार हे उघडच होते. खिडकी उघडे, रंगीत अक्षरे दिसत, आणि बिल्ड दाबले की कंपायलर सापडत नसल्याचा निरोप येई. दोष पुन्हा तोच: कोडब्लॉक्स ठरलेल्या पत्त्यावर गेला आणि तिथे काहीच नव्हते.

ज्याने संपादक बाजूला ठेवून थेट कमांड प्रॉम्प्ट उघडला, त्याला 'जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड' हे उत्तर मिळाले. विंडोजवरच्या साऱ्या दुरुस्तीविद्येचे मूळ या एका वाक्यात आहे. आज्ञा टाइप केली की विंडोज ती चालू फोल्डरमध्ये आणि मग 'पाथ' नावाच्या यादीतल्या फोल्डरांत, यादीच्या क्रमाने, शोधते. कंपायलर जिथे बसवला तिथला 'बिन' फोल्डर या यादीत नसेल तर तो असूनही नसल्यासारखाच. पाथमध्ये नोंद केल्यावरही तोच निरोप आला तर कारण बहुधा साधे असते: जुनी खिडकी जुनीच यादी धरून बसते, नवी उघडावी लागते. 'सेटएक्स' आज्ञेने पाथ वाढवणाऱ्यांना आणखी एक फटका बसे. ती १,०२४ अक्षरांनंतरची यादी छाटून टाकते आणि आधी चालणारी दुसरीच सॉफ्टवेअरे बंद पडतात. 'व्हेअर जीसीसी' ही आज्ञा दिली की पाथवरचे सगळे जीसीसी क्रमाने दिसतात. एकाहून जास्त निघाले तर आश्चर्य नको, कारण स्ट्रॉबेरी पर्लसारखी काही पॅकेजे आपला जीसीसी सोबत घेऊनच येतात. यादीत जो आधी, तोच चालतो.

कंपायलर सापडल्यावर जुन्या सवयी आडव्या आल्या. जर्नलमधले जुने प्रोग्राम उतरवून घेतले की 'क्लिअरस्क्रीन'चा संदर्भ सापडत नाही म्हणून लिंकर थांबे, कारण ती सोय बोर्लंडची होती, सी भाषेची नव्हती. 'व्हॉइड मेन'ला जी++, म्हणजे जीसीसीचा सी++ कंपायलर, सरळ नकार देई. 'आयओस्ट्रीम'च्या शेवटचे 'डॉट एच' काढून टाकावे लागे. पडद्यावर उमटणाऱ्या लांबलचक एररपैकी पहिली तेवढी वाचायची, बाकीच्या बहुधा तिची पिल्ले असतात, हे तेव्हाही कोणी जवळ बसून सांगितले तरच कळे.

इंटरनेटवरून मुक्त सॉफ्टवेअरचा मूळ कोड उतरवून तो स्वतः बिल्ड करू पाहणारे थोडे, आणि त्यांची वाट अधिक खडतर. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेले 'मेक' हे अवजार मिनजीडब्ल्यूमध्ये 'मिनजीडब्ल्यू३२-मेक' या नावाने येते, म्हणून नुसते 'मेक' लिहून चालत नाही. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो. तिथे मोकळ्या जागा पडल्या की 'मिसिंग सेपरेटर' येते, आणि डोळ्यांना टॅब व मोकळी जागा सारखीच दिसते. युनिक्सच्या कॉन्फिगर स्क्रिप्टांना पत्त्यातली मोकळी जागा खपत नाही आणि विंडोज ९५ पासून सॉफ्टवेअरे बसतात ती नेमकी मोकळी जागा असलेल्या 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये. अनुभवी मंडळी म्हणूनच कंपायलर थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी, लहान नावाच्या फोल्डरमध्ये टाकतात.

मराठी माणसाच्या वाट्याला यात एक खास अडचण आली आणि तिची दखल फारच कमी घेतली गेली. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय आली. तिच्यासोबतचा 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. पण विंडोजमध्ये मराठीला जुन्या पद्धतीचे आठ-बिटचे सांकेतिक पान कधी मिळालेच नाही, ती फक्त युनिकोडमधून चालते. जुन्या पद्धतीने फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामांना देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. नवा लॅपटॉप सुरू करताना कोणी आपले नाव मराठीत लिहिले की त्याच नावाचा फोल्डर बनतो, आणि जीसीसी आपल्या तात्पुरत्या फाइली त्याच्याच आत, टेम्प फोल्डरमध्ये लिहायला जातो. प्रोग्राम इंग्रजी नावाच्या स्वच्छ फोल्डरमध्ये ठेवला तरी कंपाइल होत नाही आणि संदेश वाचून कारण कळत नाही. नंतर खात्याचे नाव बदलले तरी फोल्डरचे नाव तेच राहते. 'टेम्प' आणि 'टीएमपी' या दोन पर्यावरण-चलांना सी ड्राइव्हवरच्या साध्या नावाच्या फोल्डरचा पत्ता दिला की काम होते. आपले नाव आपल्या लिपीत लिहिणे ही चूक नव्हे, अपुरेपणा अवजारांचा आहे. मे २०१९ च्या विंडोज १० आवृत्तीपासून प्रोग्रामांना यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडचीच एक मांडणी, मागून घेण्याची सोय झाली, तेव्हापासून हा अपुरेपणा हळूहळू भरून निघतो आहे.

मराठीतून शिकवण्याचा एक मोठा प्रयत्न आयआयटी मुंबईने केला. प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी++ चे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठी निवेदनासह मिळतात. ते उबंटू लिनक्सवर जीसीसी वापरून केलेले आहेत. भाषा समजली की ते अतिशय उपयोगी पडतात. विंडोजवर कंपायलर बसवण्याचा टप्पा मात्र विद्यार्थ्याने आधी पार केलेला असावा लागतो.

२०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्येच लिनक्स चालवण्याची सोय दिली. विंडोजसाठीच्या एमएसवायएस२ या अवजारसंचात 'पॅकमन' या पॅकेजे बसवणाऱ्या प्रोग्रामची एक आज्ञा दिली की जीसीसी, मेक आणि लागणारी ग्रंथालये एकत्र येतात. तरी तिथेही 'यूसीआरटी६४' आणि 'मिनजीडब्ल्यू६४' अशी वेगवेगळी वातावरणे आहेत. एकात बसवले आणि दुसऱ्याची खिडकी उघडली तर जीसीसी सापडत नाही. पत्ता चुकण्याचा दोष नव्या रूपात तसाच राहिला आहे.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब इथल्या प्रयोगशाळांत ज्यांनी फ्लॉपीपासून एमएसवायएस२ पर्यंत कंपायलर बसवले, ते लॅब असिस्टंट आणि शिक्षक आता निवृत्तीच्या जवळ आहेत. कोणत्या विंडोजवर कोणता एरर आला आणि तो कशाने गेला, हे त्यांनी वर्ष आणि आवृत्तीसह मराठीत लिहून प्रयोगशाळेच्या नोंदवहीत ठेवावे.