दुखत नाही, ही नेहमीच चांगली बातमी नसते



दुखणे थांबावे म्हणून तुम्ही डॉक्टरकडे येता. पण दुखणेच नाहीसे झाले, तर काय होते? याचे उत्तर वैद्यकशास्त्राला कुष्ठरोगाने शिकवले, आणि या रोगाशी आपल्या विदर्भाचा संबंध फार जुना आहे. आज तो इतिहास सांगतो, कारण घरोघरी असलेल्या शुगरच्या पेशंटना त्याचा थेट उपयोग आहे.

विदर्भातील सेवा

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. म्हणजे हा शाप नाही, पाप नाही, संसर्ग आहे, हे तेव्हाच कळले होते. तरीही रोग्याला गावाबाहेर काढणे थांबले नाही. अशा काळात विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले. सेवाग्रामात गांधीजींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याला आनंदवन उभे राहिले.

या सगळ्यांनी जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. पण एक प्रश्न तेव्हा डॉक्टरांनाही नीट सुटलेला नव्हता. या रोगात बोटे झडतात कशी? मांस आतून सडते, असाच सर्वसाधारण समज होता.

गंजलेले कुलूप

डॉ. पॉल ब्रँड हे हाडांचे सर्जन १९४६ मध्ये तामिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. एकदा त्यांना गंजलेले कुलूप उघडेना. कुष्ठरोग असलेल्या एका लहान मुलाने किल्ली घेतली आणि झटक्यात फिरवली. त्याच्या हातातून रक्त ठिबकले तेव्हा डॉक्टरांनी पाहिले, तर बोट हाडापर्यंत कापलेले. मुलाला पत्ताच नव्हता.

काही पेशंटची बोटे तर रात्रीतून छोटी होत. पाळत ठेवल्यावर कळले, झोपेत उंदीर कुरतडत होते! दुखत नसल्याने जागच येत नव्हती.

उलगडा झाला तो असा: बोटे रोगामुळे सडत नव्हती. रोगाने नसा बधिर केल्या होत्या, आणि पुढची हानी भाजणे, कापणे, घासणे व त्यातून होणारा संसर्ग यांनी केली होती. या जंतूला थंडावा मानवतो. म्हणून कोपर, मनगट, गुडघा, घोटा, चेहरा अशा ठिकाणी त्वचेजवळून जाणाऱ्या नसा तो आधी धरतो.

दुखणे आपल्याला हलवते

तुम्ही आत्ता हे वाचताना दोन-तीनदा तरी बूड हलवले असेल. एका जागी दाब वाढला की नस कुरकुर करते आणि आपण नकळत वजन दुसरीकडे टाकतो. लांब चालल्यावर आपली चाल थोडी बदलते, तेही याचमुळे. बधिर पायाला ही सूचना मिळत नाही. तो त्याच जागेवर हजारो वेळा दाब देतो आणि शेवटी तळव्याला भोक पडते.

वेल्लोरला या पायांसाठी मऊ रबराच्या चपला तयार झाल्या. त्यांनाच आपण एमसीआर चप्पल म्हणतो. वाकड्या झालेल्या बोटांसाठी डॉ. ब्रँड यांनी दुसरा उपाय केला. मेलेली नस जिवंत होत नाही, पण शेजारचा स्नायू चांगला असतो. त्याचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, ऑपरेशन करून बोटाकडे वळवली. नंतर व्यायाम करून मेंदूला नवी हालचाल शिकवायची. मुठीत काही धरता न येणारा माणूस पुन्हा भाताचा घास उचलू लागला.

आता शुगरकडे वळू

१९६६ मध्ये डॉ. ब्रँड अमेरिकेत गेले. तिथे मधुमेहींच्या तळव्यांवरच्या जखमा पाहून त्यांना भारतातलेच पाय आठवले. रोग वेगळा, पण बधिरपणा तोच. त्यामुळे इलाजही तोच: दाब कमी करणारे प्लास्टर, मऊ चप्पल, रोज पाय पाहणे.

आता नवे संशोधन पाहा. २००६ मध्ये पाकिस्तानातील काही कुटुंबांत जन्मापासून वेदनाच नसलेली माणसे सापडली. त्यांच्यात वेदनेचा संदेश नसेत सुरू करणारे एक छोटे 'दार' बिघडलेले होते. त्यांच्यातला एक मुलगा निखाऱ्यांवर चालण्याचे खेळ करी. तो लहान वयातच छपरावरून उडी मारून वारला. या शोधानंतर वेदनेच्या अशा दारांवर औषधे शोधण्याला वेग आला. तशाच एका जवळच्या दारावर काम करणारी सुझेट्रिजिन ही गोळी अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये तात्पुरत्या तीव्र वेदनेसाठी मंजूर झाली. वेदना कमी करायची, पण पहारेकरी कायमचा घालवायचा नाही, हेच या शास्त्रापुढचे आव्हान आहे.

तुम्ही काय कराल?

* शुगर असेल तर रोज रात्री तळवे पाहा. दिसत नसतील तर आरसा धरा किंवा घरच्यांना सांगा.
* पाय बधिर असतील तर अनवाणी चालू नका. रामटेकच्या गडावर पायऱ्या अनवाणी चढायचा नेम असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा. उन्हात तापलेला दगड तुम्हाला कळणार नाही.
* गरम पाण्याने शेक घेताना पाणी पायाने नाही, कोपराने तपासा. कोपरही बधिर असेल तर घरच्यांना बघायला सांगा.
* अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा असेल, हातपायांना बधिरपणा असेल, तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. कुष्ठरोग संपलेला नाही, पण औषधांनी पूर्ण बरा होतो आणि औषधे मोफत मिळतात. नस नुकतीच बिघडली असेल तर वेळेवरच्या उपचाराने ती वाचूही शकते.

"डॉक्टर, जखम आहे, पण दुखत नाही" असे सांगत बरेच पेशंट हसत येतात. तुमच्या पायाला जखम असेल आणि ती दुखत नसेल, तर उद्यावर ढकलू नका. आजच दाखवा.