एग डोनेशन: ‘संबंध ठेवू नका’ या सूचनेचा इतिहास

आजचा एपिसोड हेडफोन लावून ऐका, कर्जत लोकलमध्ये असाल तर नक्कीच. विषय आहे एग डोनेशन, म्हणजे स्त्रीबीजदान. त्यातही तो भाग, जो बऱ्याचदा एका वाक्यात उरकला जातो: “या दिवसांत संबंध ठेवू नका.” का नको? धोका कुणाला? मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण कुठलाही नियम दिसला की तो कुठल्या बिघाडातून जन्माला आला हे शोधायची मला खोड आहे.

सुरुवात कॅलिफोर्नियात होते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे डॉ. जॉन बस्टर यांच्या टीमने गुरांच्या पैदाशीतली एक पद्धत माणसांवर वापरली. डोनर बाईच्या गर्भाशयात दुसऱ्या जोडप्यातल्या नवऱ्याचं वीर्य सोडायचं, गर्भ तिच्याच पोटात तयार होऊ द्यायचा आणि पाचेक दिवसांनी तो पाण्याने धुऊन बाहेर काढायचा. मग तो मूल हव्या असलेल्या बाईच्या गर्भाशयात ठेवायचा. त्यातून 1984च्या सुरुवातीला बाळ जन्मलंही. पण काही वेळा गर्भ धुऊन निघालाच नाही, आणि डोनर स्वतःच गरोदर राहिली! शिवाय परक्या वीर्यातून येणाऱ्या आजारांची भीती होतीच. ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठाच्या टीमने दुसरा रस्ता धरला: बीज आधी बाहेर काढायचं आणि मग लॅबमध्ये फलित करायचं. हीच पद्धत पुढे जगभर टिकली.

मुंबईत 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, हे अनेकांना माहीत असतं. त्याच हिंदुजांच्या नावावर आणखी एक तारीख आहे: 24 जानेवारी 1991. पाळी थांबलेल्या किंवा ओव्हरी लवकर निकामी झालेल्या बायकांसाठी त्यांनी दुसऱ्या बाईचं बीज वापरण्याचं तंत्र बसवलं, त्यातून देशातलं पहिलं बाळ त्या दिवशी जन्मलं. तारीख त्या बाळाची. बीज देणारीची आपल्याकडे तारीखही नाही, नावही नाही. नाव गुप्त ठेवण्यामागे कारण आहे, मान्य. पण नावाबरोबर तिची तब्येतही गोष्टीतून गायब होते.

आता मूळ प्रश्न. एरवी महिन्याला साधारण एकच बीज पिकतं. डोनरला दहा-बारा दिवस हार्मोनची इंजेक्शनं देतात, त्यामुळे एकाच वेळी अनेक बीजं वाढतात. ओव्हरी नेहमीपेक्षा कितीतरी मोठी आणि जड होते. अशी जड ओव्हरी स्वतःभोवती पिळली जाऊ शकते. मग तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तातडीने ऑपरेशन करावं लागतं. म्हणून उड्या नकोत, जड उचलणं नको आणि संबंधही नकोत. शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून घ्यायचं, कारण त्यानंतर 34 ते 36 तासांनी योनीमार्गातून सुई घालून बीजं काढतात. आमच्या रिलीजची डेडलाइनसुद्धा इतकी कडक नसते. सुईच्या जखमेतून जंतुसंसर्गाची शक्यता असते, हे दुसरं कारण.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुईने प्रत्येक बीज निघतंच असं नाही. मागे राहिलेलं बीज सुटतं, आणि शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे डोनर गरोदर राहू शकते, जुळं किंवा तिळंही राहू शकतं. त्यात पोटात पाणी साठण्याचा जो त्रास या इंजेक्शनांनी होऊ शकतो, तो गरोदरपणाच्या हार्मोनमुळे आणखी बळावतो.

“माझं ऑपरेशन झालंय, मला काय धोका?” कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईचा हा प्रश्न रास्त आहे. गर्भाचा धोका जवळजवळ गेला, तांबी असेल तरीही तसंच. पण ओव्हरी पिळणं आणि जंतुसंसर्ग या दोन्ही गोष्टी तशाच राहतात. कंडोमनेही ओव्हरीचं वजन कमी होत नाही.

मुंबईत 2010 साली बीजदानानंतर दोन दिवसांत एका 17 वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. कायदा आला तो 2021चा. डोनरचं वय 23 ते 35, आयुष्यात एकदाच दान, आणि सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. तिचा बारा महिन्यांचा विमा मूल हवं असलेल्यांनी काढायचा. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांच्या तपासण्याही आल्या. चांगलंच आहे. पण गणित करून बघा: दहा बीजं पिकली आणि सातच काढली, तर तीन आतच राहिली. म्हणजे संबंध टाळण्याची सूचना या कायद्यानंतर आणखी गरजेची झाली.

मराठीत असे प्रश्न विचारायची जागा एकेकाळी होती. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचक लैंगिक प्रश्न पाठवत, कर्वे सरळ उत्तर देत. त्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही दंड झालाच. आज खटला होणार नाही कदाचित, पण डोनर नवऱ्याला “पंधरा-वीस दिवस नको” म्हणते तेव्हा कारण तिलाच सांगता येत नाही, कारण तिला कुणी सांगितलेलंच नसतं. घरी तो नकार भांडणाचा विषय होतो. माझ्या मते ही सूचना नवऱ्याला समोर बसवून डॉक्टरांनीच द्यावी, एजंटने नव्हे.

आणि आपल्या भागासाठी एक व्यवहाराची गोष्ट. बीज काढल्यावर त्याच दिवशी घरी सोडतात. क्लिनिक मुंबईत, घर खालापूरच्या एखाद्या वाडीवर, आणि खोपोली लोकल चुकली तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गुंगी उतरलेली असली तरी सोबत माणूस हवंच. रात्री एका बाजूला अचानक जोराची कळ, उलट्या, पोट फुगणं, दम लागणं, लघवी कमी होणं, ताप किंवा जास्त रक्तस्राव, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. निघण्याआधी रात्री उचलला जाणारा फोन नंबर मागून घ्या आणि तो कागदावरही लिहा. संबंध कधीपासून चालतील हेही तेव्हाच विचारा. पुढची पाळी येऊन जाईपर्यंत थांबा, असं साधारण सांगतात. ती वेळेवर आली नाही, तर नसबंदी झालेली असो वा नसो, आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा आणि त्याच डॉक्टरांना कळवा.